बिब्बा, बलाझुरी आणि चामखीळ

चामखीळ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की तो फोडून बघावा असं कुणाच्या मनात येत नाही. चाम म्हणजे कातडं, खीळ म्हणजे खिळा. मूळ संस्कृत शब्द चर्मकील. सुश्रुतसंहितेत तो मूळव्याधीच्या प्रकरणात येतो: वात आणि कफ मिळून कातडीवर खिळ्यासारखे घट्ट, न हलणारे अंकुर उठवतात, असं तिथं म्हटलं आहे. त्याच ग्रंथात मशक नावाचा आणखी एक प्रकार आहे, उडदाच्या दाण्यासारखा काळा आणि वर आलेला. तो मशक झिजत झिजत मराठीत मस झाला आणि हिंदी-उर्दूत मस्सा. म्हणजे उर्दूच्या तासाला मी मस्सा लिहिते आणि मराठीच्या तासाला मस, तेव्हा मुलांना वाटतं बाईंनी दोन भाषा शिकवल्या. खरं तर शब्द एकच आहे, लिपी बदलली.

अरबीत याला सालूल म्हणतात, अनेकवचन सआलील. पण पायाच्या तळव्यात रुतून बसणाऱ्या घट्ट गाठीला जुने अरब हकीम आणखी एका नावाने ओळखत: मिस्मार. मिस्मार म्हणजे खिळा. गंगेकाठच्या वैद्याला आणि स्पेनमधल्या कुर्तुबाच्या जर्राहला एकाच वस्तूची आठवण झाली, आणि यात कुणी कुणाची नक्कल केली असं मला वाटत नाही. तळव्यात चामखीळ असलेल्या माणसाला अनवाणी चालायला लावा, तोही खिळाच म्हणेल.

नाव सारखं, मग इलाजही सारखाच निघाला. सुश्रुत सांगतो की चर्मकील, मशक, तिलकालक यांना शस्त्राने कापावं आणि मग क्षाराने किंवा अग्नीने पूर्ण जाळावं. सन १००० च्या आसपास कुर्तुबात अबुल कासिम अल-झहरावी याने शस्त्रक्रियेवर जे लिहिलं, त्यात मुंगी चावल्यासारखी टोचणाऱ्या चामखिळीसाठी एक युक्ती आहे. हंसाचं किंवा गिधाडाचं मजबूत पीस घ्यावं, त्याची पोकळ नळी चामखिळीवर अशी बसवावी की कड सगळीकडून तिला वेढेल, मग दाबत दाबत गोल फिरवावी आणि मुळासकट उपटावी. पीस नसेल तर तांब्याची किंवा लोखंडाची नळी करावी. आज त्वचारोगाचे डॉक्टर तपासणीसाठी कातडीचा तुकडा काढायला जे गोल पात्याचं हत्यार वापरतात, ते पाहिलं की हे पीस आठवतं.

कापणं आणि जाळणं हे दोन्ही ग्रंथांत आहे. गावातल्या माणसाकडे मात्र ना जर्राह होता ना क्षार करणारा वैद्य. त्याच्याकडे झाड होतं. आणि इथे बिब्बा येतो.

बिब्बा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. काळं, चकचकीत, बदामासारखं चपटं फळ, त्याच्या टरफलात काळसर तेल. धोबी पूर्वी कपड्यावर खूण करायला तेच तेल वापरत. चुना लावला की डाग पक्का होतो आणि कितीही धुतला तरी जात नाही. इंग्रजांनी म्हणून त्याला खुणेचं फळ असंच नाव दिलं. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले. आंब्याचा चीक ओठाला लागून ज्यांचं तोंड उठतं, त्यांनी बिब्ब्यापासून दहा हात लांब राहावं. संस्कृतात याचं नाव भल्लातक. भल्लातकाचं फारसीतून जाता जाता अरबीत बलाझुर झालं. उर्दू हिकमतीच्या पुस्तकांत तो बलादुर म्हणून भेटतो.

हा शब्द एकटा गेला नाही. आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये बरमकी घराण्याचा वजीर याह्या याने मन्का नावाच्या हिंदी वैद्याकडून सुश्रुतसंहिता अरबीत करवून घेतली. तिला तिथं ‘सुस्रुद’चं पुस्तक म्हणत. पुढे इब्न सीनाने ‘अल-कानून’मध्ये बलाझुरबद्दल लिहिलं, त्यात त्याच्या तेलाला ‘असल’ म्हणजे मध म्हटलं आहे, आणि हा मध सआलील तोडतो, गोंदण उडवतो, असं सांगितलं आहे. आमच्याकडे काही जणांना वाटतं की युनानी ही बाहेरून आलेली आणि आयुर्वेद इथलं, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. बिब्ब्याला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. तो दोन्ही पेट्यांमध्ये निवांत बसला आहे.

आता थोडं विषयांतर, पण मला ते टाळवत नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अहमद बिन याह्या नावाचा एक इतिहासकार होऊन गेला. त्याचं ‘फुतूह अल-बुल्दान’ हे पुस्तक सुरुवातीच्या इस्लामी स्वाऱ्यांवरचं मोठं साधन मानलं जातं. त्याला सगळं जग अल-बलाझुरी म्हणून ओळखतं. बलाझुरी म्हणजे बिब्बेवाला. त्या काळी बिब्बा खाल्ला की स्मरणशक्ती वाढते असा समज होता. तो प्रमाणाबाहेर घेतल्यामुळे कुणाचं तरी डोकं फिरलं आणि घराण्याला हे नाव चिकटलं, अशी कथा आहे. कुणी म्हणतं हे आजोबांचं झालं, कुणी म्हणतं खुद्द इतिहासकाराचं. मध्ययुगातल्या यहुदी शिक्षकांमध्ये तर याच फळावरून एक म्हण होती, तिचा आशय असा की उजळणी कर, पुन्हा उजळणी कर, म्हणजे बलाझुरची गरज पडणार नाही. परीक्षेच्या आधी मेंदूचं टॉनिक विचारायला येणाऱ्या पालकांना मी ही म्हण सांगते.

पण आपल्यासाठी खरी गंमत पुढे आहे. याच बलाझुरीने आपल्या पुस्तकात ‘ताना’वर समुद्रातून पाठवलेल्या एका स्वारीची नोंद केली आहे. ताना म्हणजे आपलं ठाणं. बहरीन आणि ओमानचा सुभेदार उस्मान बिन अबिल आस याने ती पाठवली, आणि हजरत उमर यांना हे कळलं तेव्हा ते खूश होण्याऐवजी रागावले. माणसं लाकडावर बसवून समुद्रात सोडलीस, त्यांचं काही बरंवाईट झालं असतं तर तुझ्या कबिल्याकडून तेवढीच माणसं घेतली असती, अशा अर्थाचं त्यांनी कळवलं. ठाण्याच्या इतिहासावर लिहिणारे ही नोंद देतातच. ती देणाऱ्या माणसाच्या नावात आपल्या रानातलं फळ आहे, हे क्वचितच कुणी सांगतं.

इकडे किनाऱ्यावर बिब्बा हे नाव छापलं जाईपर्यंत १५६३ साल उजाडलं. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने हिंदुस्थानातल्या औषधी वस्तूंवर संवादरूपात एक पुस्तक लिहून गोव्यातच छापलं. त्यात या फळावर एक पूर्ण संवाद आहे. अरब याला बलादोर म्हणतात आणि हिंदी लोक बिबो, असं तो लिहितो. बिबो! कोकणी-मराठी कान असलेल्या माणसाला यावर टीप लागत नाही. हाच ओर्ता मुंबई बेटाचा पट्टेदारही होता. तो मूळचा यहुदी घराण्यातला. त्याच्या मृत्यूनंतर गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्याची हाडं उकरून जाळली. पुस्तक मात्र उरलं.

तर असं हे जगभर फिरून आलेलं फळ आपल्या घरात कसं राहतं? बाळंतिणीच्या लाडवात गोडंबी घालतात, ती बिब्ब्याच्या आतली बी. ती काढायला बिबे फोडावे लागतात, आणि फोडणाऱ्या बायकांच्या हातांवर आणि तोंडावर तेलाचे जे डाग आणि फोड उठतात, ते लाडू खाणाऱ्याला दिसत नाहीत. टाचेला भेग पडली की तापवलेल्या बिब्ब्याचा चटका. आणि चालत्या कामात कुणी खोडा घातला की आपण म्हणतो, त्याने बिब्बा घातला. भाषेला बिब्ब्याचा स्वभाव बरोबर कळलेला आहे. न्यायवैद्यकाच्या जुन्या पुस्तकांतही बिब्ब्याला जागा आहे, कारण खोट्या मारहाणीची तक्रार करायची असेल तर लोक बिब्बा चोळून अंगावर काळे-निळे वळ उठवत. खरा वळ कोणता आणि बिब्ब्याचा कोणता, हे डॉक्टरांना शिकावं लागे.

चामखिळीवर बिब्बा लावतात तो असा: सुईच्या किंवा काडीच्या टोकाने तेलाचा थेंब बरोबर गाठीवर ठेवायचा. फोड येतो, खपली धरते, खपलीबरोबर कधी गाठ जाते, कधी अर्धी जाते. थेंब ओघळला तर शेजारची चांगली कातडीही भाजते. माझ्या वर्गात एका मुलाच्या हातावर मी हा प्रकार पाहिला आहे. मागच्या बाजूला चार-पाच चामखिळी होत्या, मुलं त्याचा हात धरत नव्हती, कबड्डीत त्याला घेत नव्हती. घरच्यांनी काळजीपोटीच इलाज केला. पंधरा दिवसांनी चामखिळी दोन उरल्या आणि मनगटापर्यंत भाजल्याचा डाग आला. तो डाग अजून आहे, चामखिळी नाहीत. उरलेल्या दोन, काहीही न लावता, पुढच्या वर्षी आपोआप गेल्या.

हे “आपोआप” नीट समजून घ्यायला हवं, सगळी गोम त्यातच आहे. त्याआधी एक घोळ निस्तरते. आपण चामखीळ म्हणतो त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. मानेवर, काखेत लोंबणारा मऊ कातडीचा तुकडा ही एक. जन्मापासून असलेला किंवा नंतर आलेला उंच तीळ ही दुसरी. आणि खरबरीत, फुलकोबीसारखी, हातापायावर येणारी आणि एकाची दहा होणारी ही तिसरी. घोड्याच्या शेपटीचा केस बांधून चामखीळ पडते असं जे म्हणतात, ते पहिल्या प्रकाराबाबत खोटं नाही. देठ आवळला की रक्त थांबतं आणि तुकडा वाळून पडतो. जंतू शिरण्याचा धोका असतो, ते वेगळं. तिळावर मात्र कोणताही घरगुती प्रयोग करू नये. आकार, रंग बदलणारा तीळ हा थेट डॉक्टरांकडे नेण्याचा विषय आहे, कारण क्वचित त्यात कॅन्सर निघतो. माझा विषय तिसरी.

ही तिसरी विषाणूमुळे होते, हे १९०७ साली कळलं. ज्युसेप्पे चुफ्फो नावाच्या इटालियन डॉक्टरने चामखीळ वाटून, तिचा अर्क जिवाणूही जाणार नाहीत इतक्या बारीक गाळणीतून गाळला आणि स्वतःच्या हातात टोचला. काही महिन्यांनी तिथं चामखीळ आली. १९४९ मध्ये अमेरिकेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचे कण दिसले. आज या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार माहीत आहेत. त्यातले काही गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर करतात आणि ते शोधल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझन यांना २००८ चं नोबेल मिळालं. हातावरच्या साध्या चामखिळीचे प्रकार ते नव्हेत, हे मुद्दाम सांगते, कारण अर्धवट ऐकून घाबरणारे आया-बाप मी पाहिले आहेत.

विषाणू कातडीच्या वरच्या थरात राहतो. तिथं शरीराच्या पहारेकऱ्यांची नजर कमी. महिनोन्महिने त्याचा पत्ता लागत नाही. एक दिवस लागतो, आणि मग ज्या चामखिळी दोन वर्षं हलल्या नाहीत त्या दोन आठवड्यांत जातात, कधी सगळ्या एकदम. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांवर कोणताही इलाज न करता फक्त लक्ष ठेवलं गेलं. दोन वर्षांत साधारण दोन तृतीयांश चामखिळी नाहीशा झाल्या.

आता मागे वळून बघा. रुईचा चीक, पपईचा चीक, काजूच्या टरफलाचं तेल, कळीचा चुना आणि धुण्याच्या सोड्याची पेस्ट, लसूण, दर्ग्यातलं मीठ, मारुतीचं तेल, कुणाकडून तरी फुंकर घालून घेणं: या प्रत्येक इलाजाला साक्षीदार मिळाले. खोटं कुणीच बोलत नव्हतं. चामखीळ जायच्या बेतात असताना जो इलाज हाती होता, त्याला श्रेय गेलं. चुना-सोड्याने आणि बिब्ब्याने वरचा थर जाळला जातो, म्हणून त्यांना थोडं खरं श्रेयही आहे. पण भाजणं हे त्यांचं काम, बरं करणं हा त्याचा अधूनमधून होणारा परिणाम. झाडपाल्याची कुचेष्टा करायची म्हणून मी हे लिहीत नाही. ज्या पनवेलमध्ये १८७२ साली धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना उभा राहिला, तिथली रहिवासी होऊन ती करवणारही नाही. शोधन न करता बिब्बा वापरू नये हे वैद्यकच सांगतं, हकीमही सांगतात. घरोघर जो वापरला जातो तो झाडावरून थेट आलेला असतो.

मग डॉक्टर काय करतात? गंमत अशी की तेही बराच काळ तेच करत आले, फक्त मोजून. सॅलिसिलिक आम्ल एकोणिसाव्या शतकात जर्मनीत कारखान्यात बनू लागलं, १८८० च्या दशकात हॅम्बर्गच्या पाउल उन्ना यांनी त्याच्या पट्ट्या कातडीच्या घट्ट थरांवर वापरल्या. आज मेडिकलमध्ये कॉर्न कॅप मागितली की मिळते ती त्यांचीच वारस. हे आम्ल एका दिवसात जाळत नाही, रोज थोडा थर सोलतं. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवायचं, घासणीने वरचा मेलेला थर काढायचा, ती घासणी दुसऱ्या कुणी वापरायची नाही, भोवती व्हॅसलीन लावायचं आणि फक्त गाठीवर औषध. तीन महिने. इथेच माणसं हरतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हटलं की बाटली कपाटात जाते आणि शेजारच्या चाचींचा बिब्बा बाहेर येतो. चेहऱ्यावर, नाजूक जागी हे लावायचं नाही, आणि मधुमेह असलेल्यांनी पायाला तर विचारल्याशिवाय काहीच लावायचं नाही.

द्रव नायट्रोजनने गोठवणं हा दुसरा इलाज. खर्चिक आहे, दुखतं, आणि लोकांचा त्यावर फार विश्वास, कारण धूर निघतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात तळव्याच्या चामखिळी असलेल्या २४० जणांवर दोन्ही इलाजांची तुलना झाली. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत पूर्ण बरे झालेले साधारण १४ टक्केच होते. म्हणजे फरक नाही, आणि यश दोघांनाही बेताचं. हे आकडे वाचून मला हकीम-वैद्यांबद्दल थोडी सहानुभूती वाटली.

चिठ्ठीवर मिळणारी क्रीम त्यानंतरची. चपट्या चामखिळींसाठी ट्रेटिनॉइन, हट्टी गाठींसाठी कधी ५-फ्लुरोयुरॅसिल, जे मुळात कॅन्सरचं औषध, आणि इमिक्विमोड. इमिक्विमोडला १९९७ मध्ये अमेरिकेत गुप्तांगावरच्या चामखिळींसाठी परवानगी मिळाली. ते चामखिळीला जाळत नाही, झोपलेल्या पहारेकऱ्याला उठवतं. सुश्रुतापासून चालत आलेल्या जाळपोळीच्या रस्त्यावरचं मला हे पहिलं खरं वळण वाटतं. जे शरीर उशिरा का होईना स्वतः करणार होतं, ते लवकर करायला सांगणं.

याच वाटेवर एक हिंदुस्थानी औषध आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा संस्थेत डॉ. गुरसरन तलवार यांनी मायकोबॅक्टेरियम डब्ल्यू नावाच्या निरुपद्रवी जिवाणूपासून कुष्ठरोगावरची लस तयार केली. पुढे आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी तीच लस हट्टी चामखिळींत टोचून पाहिली, आणि एका गाठीत टोचल्यावर लांबच्या गाठीही जाताना दिसल्या. सुकापूरहून पुढे नेऱ्याला गेलं की कुष्ठरोग्यांसाठी उभं राहिलेलं शांतिवन आहे. अंगावर डाग दिसला की माणसाला वेशीबाहेर काढायची आपली जुनी खोड त्या जागेला चांगली माहीत असणार. कबड्डीत न घेतलेल्या मुलाचा प्रश्न त्याच जातीचा, फक्त लहान.

एका ट्यूबचं सांगायचं राहिलं. मेडिकलवाल्याला हात दाखवून “काहीतरी क्रीम द्या” म्हटलं की पुष्कळदा जी मिळते, तिच्यात स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं सगळं एकत्र असतं. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून तिची कीर्ती मोठी. स्टिरॉइड कातडीतला पहारा आणखी ढिला करतं. चामखिळीवर ती लावली तर विषाणूला मोकळं रान, एकीच्या दहा होतात. कातडी पातळ होते, चेहऱ्यावर लाली येते, ते निराळंच. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने बरीच वर्षं पाठपुरावा केल्यावर २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टिरॉइडच्या क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकल्या, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत. ट्यूबवर लाल रेघ असते आणि चिठ्ठीवरच विकावी अशी सूचना असते, इंग्रजीत, बारीक अक्षरात. आठवीच्या मुलांना मी एकदा घरातल्या औषधांची वेष्टनं आणायला सांगितली आणि ती ओळ मराठीत आणि उर्दूत लिहून घेतली. अकरा ट्यूब आल्या. सात जणांच्या घरी चिठ्ठी कधी नव्हतीच.